काहीच न ठरवता फिरताना चांगलं जेवण कसं शोधावं?

प्रश्न थोडक्यात असा: नवरा-बायको दोघंच फिरतात. पुढचं गाव कोणतं आणि तिथे किती दिवस राहायचं, हे आदल्या रात्री ठरतं. फिरणं मजेत होतं, पण जेवणाची वेळ आली की सगळं अडतं. इंटरनेटवर पाहून जावं तर तिथे सगळे बाहेरगावचेच बसलेले; न पाहता जावं तर भुकेने कासावीस होऊन समोर दिसेल त्या दारात शिरावं लागतं. शिवाय दोघांपैकी एक शाकाहारी, दुसऱ्याला सगळं चालतं. अशा वेळी चांगली जागा हुडकायची कशी, फोनवर किती विसंबायचं आणि पोट बिघडू नये म्हणून काय पाहायचं?

माझी नोकरी गोदामांतल्या मालाची तपासणी करण्याची. कंपनी सांगेल त्या गावी जायचं. मोजणी जुळली तर दुसऱ्या दिवशी परत, नाही जुळली तर आठवडाभर तिथेच. कुठे, कधी आणि किती दिवस जेवायचं आहे हे आधी कधीच ठाऊक नसतं आणि बहुतेक वेळा एकटीनेच जेवायचं असतं. पुढचं सगळं त्या सवयीतून आलेलं आहे.

कोणत्याही खानावळीसमोर उभी राहिले की मी स्वतःला एकच विचारते: हिचा धंदा कोणावर चालतो? उद्या परत येणाऱ्यांवर, की आज जेवून कायमचे जाणाऱ्यांवर? ज्याचं गिऱ्हाईक रोजचं, त्याच्या हातून एक दिवस मीठ जास्त पडलं तरी दुसऱ्या दिवशी ऐकून घ्यावं लागतं. चार दिवस शिळं वाढलं तर माणसं शेजारच्या दारात जायला लागतात. ज्याचं गिऱ्हाईक गाडीतून उतरतं, जेवतं आणि पुन्हा तोंड दाखवत नाही, त्याला हा धाक नसतो. त्याला माणूस आत ओढता आला की झालं, आणि त्यासाठी मोठी पाटी, चकचकीत फोटो आणि दारात हाका मारणारा पोऱ्या पुरतो. अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज ॲकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचं उदाहरण घेऊन हे नेमकं मांडलं होतं. घेणाऱ्याला मालाचा कस आधी कळत नसेल, तर चांगला माल आणणाऱ्याला त्याचं मोल मिळत नाही आणि बाजारात हलका माल उरतो. पुढे २००१ मध्ये त्यांना जे नोबेल मिळालं, ते याच प्रकारच्या बाजारांच्या अभ्यासासाठी. अशा बाजाराला सावरून धरते ती विकणाऱ्याची पत, आणि खानावळीची पत रोज येणारी माणसंच राखत असतात. म्हणून मी आधी रोजची माणसं शोधते. ती कुठे, कधी आणि काय खातात हे कळलं की जागा आपोआप सापडते.

यात पहिली अडचण वेळेची असते, आणि माझ्या मते बहुतेक वाईट जेवणांचं मूळ तिथेच आहे. भूक लागल्यावर शोधायला निघालेल्या माणसाला निवड करताच येत नाही. दहा मिनिटं चालायचं म्हटलं तरी जिवावर येतं, जोडीदाराशी खटके उडायला लागतात आणि शेवटी चौकातलं पहिलं दार गाठलं जातं. याला उपाय अगदी साधा आहे. पिशवीत कायम थोडं कोरडं खाणं आणि पाणी ठेवा. दाणे, सुकामेवा, बिस्किटं, काहीही चालेल. त्याने पोट भरायचं नाही, फक्त अर्धा-पाऊण तास मिळवायचा. तो अर्धा तास हाताशी असला की शोधण्यातली घाई जाते.

दुसरं म्हणजे त्या गावाची जेवायची वेळ पहिल्याच दिवशी विचारून घ्या आणि आपलं घड्याळ तिच्याशी जुळवा. दुपारचं जेवण आटोपल्यावर कित्येक ठिकाणी चूल बंद होते आणि थेट संध्याकाळी पेटते. मधल्या तासांत जे उघडं असतं ते बहुतेक करून बाहेरच्यांसाठीच असतं, आणि तिथे सकाळचं उरलेलं गरम करून मिळण्याची शक्यता जास्त. आपल्या सवयीच्या वेळी जेवायचा हट्ट धरला, तर उत्तम गावातही तुमच्या वाट्याला त्या गावातल्या सगळ्यात कमजोर जागा येतील. मी तिथल्या गर्दीच्या पंधरा-वीस मिनिटं आधी पोचते. सगळे पदार्थ नुकतेच उतरलेले असतात, बसायला जागा असते आणि वाढणाऱ्याला दोन शब्द बोलायला सवड असते. गर्दी ओसरल्यावर गेलं तर निम्म्या पदार्थांवर काट मारलेली असते. साप्ताहिक सुट्टीचा वारही विचारून ठेवावा. कित्येक गावांत चांगल्या जागा एकाच वारी बंद असतात, आणि नेमक्या त्या दिवशी पोचलेला प्रवासी गावालाच नावं ठेवून जातो.

आता चालायचं कुठे? स्टेशनसमोरची, देवळासमोरची, समुद्राकडे तोंड असलेली जागा महाग असते. ते भाडं कुठून तरी भरून काढावं लागतं, आणि ते ताटातूनच निघतं. म्हणून प्रसिद्ध ठिकाणापासून दोन वळणं आत जावं. मोठा रस्ता सोडला आणि दुसरं वळण घेतलं की भाडंही उतरतं आणि बाहेरचा माणूसही सहसा तिथवर येत नाही. मग तिथे जी जागा टिकून आहे ती आजूबाजूच्या लोकांवरच टिकलेली असणार. पण हा नियम डोळे मिटून लावू नका. रोज हजारो नोकरदार ज्या स्टेशनातून ये-जा करतात, तिथल्या टपऱ्या रोजच्याच गिऱ्हाइकावर चालतात आणि त्या उत्तम असू शकतात. जागा कुठे आहे यापेक्षा तिच्यासमोरून रोज कोण जातं, हे पाहायचं.

दुपारच्या जेवणासाठी मी घाऊक बाजार, न्यायालय, मोठं सरकारी रुग्णालय, कॉलेज, छापखान्यांची किंवा सुट्या भागांच्या दुकानांची गल्ली यांच्या आसपास जाते. तिथल्या माणसांना रोज बाहेर जेवावं लागतं, वेळ कमी असतो, खिसा बेताचा असतो आणि जिभेची परीक्षा कडक असते. या चारही गोष्टी जिथे एकत्र येतात तिथे वाईट जागा फार दिवस तग धरत नाही. रात्री मात्र हेच भाग ओस पडतात. रात्रीसाठी राहती वस्ती बघावी: जिथे मुलं खेळताहेत, किराणा दुकानं उघडी आहेत, माणसं घरच्या चपला घालून पार्सल न्यायला आली आहेत.

मी काय पाहते ते एका जागेवरून सांगते. गोदामाच्या मागच्या गल्लीत एक खोलीवजा खानावळ होती. नावाची पाटी नाही, बाहेर दोन बाकं, दाराशेजारी भिंतीवर टांगलेली पाटी आणि तिच्यावर खडूने लिहिलेले चार पदार्थ. साडेबारा वाजले आणि माल चढवणारे हमाल येऊ लागले. एकानेही पाटीकडे पाहिलं नाही. माणूस बाकावर टेकायच्या आत आतून बाई त्याच्यासमोर ताट ठेवत होती. कोणाला काय लागतं हे तिला पाठ होतं. झाकण उघडलं की दर वेळी वाफ वर यायची, म्हणजे भांडं चुलीवरून खाली उतरतच नव्हतं. परत जाणारी ताटं पुसून घेतल्यासारखी स्वच्छ. पैसे घ्यायला एक मुलगा वेगळा बसला होता. वाढणारा हात नोटांना लागत नव्हता. सव्वा वाजता तिने ओल्या फडक्याने पाटीवरचा एक पदार्थ पुसला, थोड्या वेळाने दुसरा. दोन वाजता पाटी कोरी आणि चूल बंद. मी त्या कामावर होते तितके दिवस दुपारी तिथेच जेवले.

यातली एकेक खूण कामाची आहे, पण सगळ्यांचं वजन सारखं नाही. माझा सर्वांत जास्त विश्वास परत जाणाऱ्या ताटांवर. आत जाणारं ताट कोणीही सजवू शकतो. उष्टी ताटं खोटं बोलत नाहीत. प्रत्येक ताटात तोच एक पदार्थ अर्धा उरत असेल, तर तो मागवायचा नाही हेही तिथेच कळतं. त्यानंतर पाटी किंवा मेनू. छोट्या स्वयंपाकघरातून ऐंशी पदार्थ निघत असतील, तर त्यातले बरेचसे आधी करून ठेवलेले किंवा गोठवलेले असणार. एवढ्या चुली आणि एवढे हात आतल्या जागेत मावतच नाहीत. चार-सहा पदार्थ, त्यातला एखादा रोज बदलणारा, संपला की पुसला जाणारा, हे पाहिलं की मी निर्धास्त बसते. तेलाचा वास दारातच घ्यावा. जुनं, पुन्हापुन्हा तापवलेलं तेल घशाशी येतं आणि बाहेरूनच कळतं. गिऱ्हाइकांत निरनिराळ्या वयाची माणसं असणं चांगलं. आजी आणि नातू एका टेबलावर दिसले तर मी फार विचार करत नाही.

रांगेबद्दल मात्र जपून. रांग म्हणजे चांगलं जेवण असं लोक धरून चालतात. रांग का लागली आहे ते आधी बघा. ती भरभर सरकते आहे आणि त्यात हातात डबा किंवा कामाची पिशवी घेतलेली माणसं आहेत, तर खुशाल उभे राहा. सगळे फोन वर धरून फोटो काढताहेत आणि रांग जागची हलत नाही, तर ती प्रसिद्धीची रांग आहे. आतलं जेवण चांगलंही असेल, पण तुमचा तास तिथे जाईल. दारात हाका मारून बोलावणारा माणूस असेल तिथे मी जात नाही. एखाद्या वेळी त्यात एखादी चांगली जागा सुटत असेल, पण हा नियम मोडण्याची गरज मला अजून पडलेली नाही.

विचारणं ही या सगळ्यातली सर्वांत उपयोगी गोष्ट आहे आणि बहुतेक लोक ती चुकीच्या पद्धतीने करतात. “इथे चांगलं जेवण कुठे मिळतं?” असं विचारलं की समोरचा माणूस तुमच्या कपड्यांकडे आणि बॅगेकडे बघतो आणि पाहुण्याला शोभेल अशी जागा सुचवतो. त्याच्या मनात चांगलं म्हणजे एसी, टेबलक्लॉथ आणि स्वच्छ संडास. तो तुमची काळजीच घेत असतो, पण तो स्वतः तिथे जेवत नाही. एकदा औषधाच्या दुकानात मी असंच विचारलं आणि काउंटरवरच्या माणसाने हमरस्त्यावरच्या एका मोठ्या हॉटेलचं नाव घेतलं. मी विचारलं, “आज दुपारी तुम्ही कुठे जेवलात?” तो हसला. म्हणाला, “आम्ही होय? आम्ही तिकडे, पोस्टाच्या मागे. पण तुम्हाला चालेल का? साधं आहे.” पोस्टाच्या मागची जागा साधीच होती आणि जेवण असं होतं की रात्री पुन्हा तिथेच गेले.

तेव्हा प्रश्न त्या माणसाच्या स्वतःच्या दिनक्रमावर आणायचा. आज कुठे जेवलात? पगार झाला की घरच्यांना कुठे नेता? रात्री उशीर झाला तर काय करता? गावाबाहेर राहणारा भाऊ किंवा बहीण आली की पहिल्यांदा काय खायला मागते? हा शेवटचा प्रश्न मला फार आवडतो. बाहेर राहिलेला माणूस गावाच्या ज्या चवीची आठवण काढतो, ती त्या गावाची खरी चव असते. उत्तरात पदार्थ आणि जागा यांची जोडी आली तर ते पक्कं समजा: अमुक खायचं तर तमुककडेच. नुसतं नाव आलं आणि पुढे काही सुचलं नाही, तर ते ऐकीव असू शकतं. एकमेकांशी संबंध नसलेल्या दोन माणसांनी एकच जागा सांगितली की मी तिसऱ्याला विचारत नाही.

विचारायचं कोणाला, याचाही विचार करावा. औषधवाला, चपला शिवणारा, पोस्टमन, वाचनालयातले कर्मचारी, दुकानं उघडताना झाडू मारणारी मुलं. ज्यांना तुम्ही कुठे जेवता याने काही फरक पडत नाही अशी माणसं. लॉजच्या काउंटरवरून मिळालेला सल्ला आणि टॅक्सीवाल्याने आपणहून सुचवलेली जागा मी थोडी बाजूला ठेवते. तिथे दलाली असू शकते. नसेलही, पण आपल्याला कळायला मार्ग नसतो. मालट्रक उभे असतील तिथे जेवण चांगलंच, हे तर सगळीकडे ऐकू येतं. त्यात तथ्य अर्धंच आहे. ट्रक उभा करायला मोकळी जागा, अंघोळीला पाणी आणि झोपायला खाट यांसाठीही तो तिथे थांबतो. चालकाला विचारलं की तो सरळ सांगतो, जेवायला थांबलो की झोपायला.

भाजीबाजारात सकाळी एक फेरी मारून विचारण्याचीही मला सवय आहे. भाजी किंवा मासळी विकणाऱ्याला ठाऊक असतं की कोणता खानावळवाला पहाटे स्वतः येऊन निवडून माल नेतो आणि कोण दुपारी उरलेलं स्वस्तात उचलतो. तो नावं सांगेलच असं नाही, पण पहिल्या प्रकारातलं एखादं नाव आनंदाने सांगतो. आणि एखाद्या ठिकाणी जेवण मनापासून आवडलं, तर उठताना तिथल्या आचाऱ्याला विचारा: सुट्टीच्या दिवशी तुम्ही कुठे खाता? स्वयंपाक करणारा माणूस दुसऱ्याच्या हातचं काय खातो, याच्याइतकी भरवशाची शिफारस मला दुसरी ठाऊक नाही. एक चांगली जागा सापडायला वेळ लागतो. दुसरी आणि तिसरी पहिलीच देते.

फिरत्या माणसांकडची माहिती किती मोलाची असते, याचं एक जुनं उदाहरण अमेरिकेतलं आहे. डंकन हाइन्स हा शिकागोच्या एका छपाई कंपनीचा फिरता विक्रेता. कामासाठी देशभर मोटारीने हिंडताना चांगल्या जागा टिपून ठेवायची त्याला सवय होती. ओळखीचे लोक सारखे विचारायला लागले, तेव्हा १९३५ च्या नाताळात त्याने शुभेच्छापत्रासोबत ३० राज्यांतल्या १६७ जागांची यादीच छापून पाठवली. तिला एवढी मागणी आली की पुढच्या वर्षी त्याचं पुस्तक झालं. तेव्हा एखाद्या गावी औषध कंपनीचा, सुट्या भागांचा, वह्या-पुस्तकांचा फिरता विक्रेता भेटला तर त्याला सोडू नका. त्याच्याकडे अशी यादी असतेच, डोक्यात किंवा वहीत.

आता फोन. मी फोन वापरते, पण जागा निवडायला कमी आणि खोडायला जास्त: आज उघडं आहे का, किती वाजता बंद होतं, जागा हललेली तर नाही. ताऱ्यांवर मात्र विसंबत नाही, आणि त्याला कारणं आहेत. हार्वर्डचे मायकल लुका यांनी २०११ मध्ये सिएटल शहरातल्या उपाहारगृहांचा अभ्यास मांडला. येल्प या ग्राहकांच्या अभिप्रायांच्या संकेतस्थळावर एक तारा वाढला की उत्पन्न ५ ते ९ टक्क्यांनी वाढतं, असं त्यात दिसलं; साखळी हॉटेलांवर तसा परिणाम नव्हता, एकेकट्या जागांवर होता. एका ताऱ्यात एवढे पैसे असतील तर तो तारा मिळवण्यासाठी काय काय केलं जात असेल ते उघड आहे. २०१७ मध्ये ऊबा बटलर या पत्रकाराने लंडनमधल्या आपल्या बागेतल्या शेडला ट्रिपअॅडव्हायझर या प्रवाशांच्या अभिप्रायांच्या संकेतस्थळावर उपाहारगृह म्हणून नोंदवलं. मित्रांकडून खोटे अभिप्राय लिहवून घेतले आणि पदार्थांचे फोटो दाढीचा फेस वगैरे वापरून काढले. त्याच वर्षी नोव्हेंबरात ते अस्तित्वातच नसलेलं उपाहारगृह लंडनमध्ये पहिल्या क्रमांकावर पोचलं.

तरीही अभिप्रायांतून कामाचं बरंच काढता येतं. सरासरी आकडा सोडून द्या आणि अभिप्राय नव्यापासून जुन्याकडे लावून वाचा. आचारी बदलला की चव बदलते आणि जुने शेकडो तारे तसेच राहतात. लिहिणाऱ्याच्या नावावर टिचकी मारून त्याने आणखी कशाबद्दल लिहिलं आहे ते बघा. त्याच गावातलं गॅरेज, दातांचा दवाखाना, शाळा यांच्याबद्दल लिहिणारा माणूस तिथला रहिवासी. तो “नेहमीसारखंच” असं दोन शब्दांत लिहितो, आणि ते दोन शब्द मला बाहेरच्यांच्या पानभर कौतुकापेक्षा जास्त सांगतात. तीन ताऱ्यांचे अभिप्राय आवर्जून वाचावेत. राग किंवा भारावलेपण नसल्यामुळे त्यात माहिती असते. आणि शोध घेताना तिथल्या भाषेत, तिथल्या लिपीत पदार्थाचं नाव लिहा. एखाद्याकडून कागदावर लिहून घ्या किंवा भाषांतराच्या ॲपमधून उचला. इंग्रजीत शोधलं की इंग्रजीत पाटी लावणारे पुढे येतात; स्थानिक लिपीत शोधलं की यादीच बदलते. गिऱ्हाइकांनी काढलेले मेनूचे फोटो बघून भावाचा अंदाजही आधीच येतो.

आत गेल्यावर एकदम सगळं मागवू नका. एखादा पदार्थ मागवा, दोघांत वाटून खा, जमलं तर पुढचं. नाही जमलं तर पैसे देऊन शांतपणे उठा आणि दुसरीकडे जा. एका बैठकीत एकाच ठिकाणी पोट भरलंच पाहिजे असं काही बंधन नाही, आणि न ठरवता फिरणाऱ्याला तर मुळीच नाही. काय मागवायचं कळत नसेल तर “तुमच्याकडे सगळ्यात लवकर काय संपतं?” हे विचारा. “तुमची खासियत काय?” याला पाठ केलेलं उत्तर येतं, लवकर संपणारा पदार्थ कोणता, हे गिऱ्हाइकांनी ठरवलेलं असतं. भाषा येत नसेल तर शेजारच्या ताटाकडे हसून बोट दाखवायला संकोच करू नका. बहुतेक वेळा शेजारीच पुढचं सांभाळून घेतो. भाव लिहिलेले नसतील तर मागवण्याआधी विचारा, मोकळेपणाने. आणि एकटीने जेवायचं असेल तर मी चूल किंवा गल्ला दिसेल अशी जागा धरते. काय शिजतंय ते दिसतं, ओळख होते आणि रात्रीच्या वेळी तेवढं निर्धास्तही वाटतं.

पोटाची काळजी हा वेगळा विषय करायची गरज पडत नाही, कारण वर सांगितलेल्या खुणा पुष्कळशा त्याच्याच आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २००१ मध्ये सुरक्षित अन्नाची पाच सूत्रं दिली. त्यातलं प्रवाशाने लक्षात ठेवायचं ते एवढं: शिजवलेलं अन्न साध्या तापमानाला दोन तासांपेक्षा जास्त राहू नये; गरम ठेवायचं तर ६० अंश सेल्सिअसच्या वर, थंड ठेवायचं तर ५ अंशांच्या खाली. मधल्या पट्ट्यात जंतू भराभर वाढतात. गर्दीच्या जागी भांडं लवकर रिकामं होतं, म्हणून अन्नाला या पट्ट्यात पडून राहायला वेळच मिळत नाही. रस्त्यावरचा धगधगत्या चुलीचा गाडा कित्येकदा मोठ्या हॉटेलातल्या कोमट बुफेपेक्षा सुरक्षित असतो तो यामुळे. पुन्हा गरम करून दिलं की सगळं निर्धोक, हा मात्र गैरसमज आहे. स्टॅफिलोकोकससारखे काही जंतू अन्नात विष तयार करून ठेवतात आणि ते विष उकळूनही जात नाही. पाण्याची खात्री नसेल तिथे बर्फ, कच्ची कोशिंबीर आणि आधीच कापून ठेवलेली फळं टाळा. स्वतः सोललेलं फळ चालेल. हात साबणाने धुवा. उलट्या-जुलाब घडवणाऱ्या नोरोव्हायरसवर सॅनिटायझर फारसा चालत नाही. सोबत ओआरएसची पाकिटं असू द्या. जुलाबात रक्त दिसलं, जोराचा ताप आला किंवा पोटात पाणी ठरेना, तर औषधं चाचपत बसू नका, डॉक्टर गाठा.

कधी कधी काहीच सापडत नाही. उशिरा पोचलेलं गाव, पाऊस, सगळं बंद. अशा रात्री साखळी हॉटेल असेल तर बिनदिक्कत जा. तिथे चव ओळखीची असते आणि त्या घडीला तेवढंच हवं असतं. मोठ्या रुग्णालयाचं उपाहारगृह कित्येक ठिकाणी रात्री उशिरापर्यंत चालू असतं. ते जमलं नाही तर किराणा दुकानातून ब्रेड, फळं, दही घेऊन खोलीवर बसून खा आणि सकाळच्या बाजाराची वेळ विचारून झोपा.

राहिला तुमच्या दोघांच्या वेगळ्या आवडींचा प्रश्न. यात नेहमी शाकाहारी माणसाची जागा आधी शोधावी, कारण सगळं खाणाऱ्याला शाकाहारी ठिकाणी जेवता येतं, उलट दर वेळी जमत नाही. “मांस नाही” एवढं सांगून भागत नाही. कित्येक ठिकाणी लोक मांसाचे तुकडे काढून टाकतात, पण रस्सा हाडांचाच असतो, तळण चरबीत असतं, वाटणात सुकी मासळी असते. म्हणून काय काय चालत नाही याची नावानिशी चिठ्ठी तिथल्या भाषेत लिहून घ्या: मांस, मासे, हाडांचा रस्सा, चरबी, मासळीचं वाटण, आणि खात नसाल तर अंडं. गावातल्या एखाद्या शिक्षकाकडून किंवा दुकानदाराकडून ती तपासून घ्या आणि मागवण्याआधी थेट आचाऱ्याच्या हातात द्या. वाढप्याला बरेचदा आतलं ठाऊक नसतं. ॲलर्जी असेल तर तीही त्याच चिठ्ठीवर, सगळ्यात वर, मोठ्या अक्षरांत. आणि दोघांना एका ठिकाणी जेवता येईना तर वेगवेगळं जेवा. एकाने गाड्यावरून आपलं घ्यावं, दुसऱ्याने शेजारच्या खानावळीतून, आणि दोघांनी बाजारातल्या बाकावर येऊन बसावं. बाहेरचं आणून खायला चालेल का, हे बाक ज्या दुकानासमोर असेल त्याला आधी विचारा. चहा त्याच्याकडूनच घेणार असाल तर तो सहसा नाही म्हणत नाही.